सारणी वीज केंद्रातल्या जुन्या कोळसा संचांच्या जागी सौर आणि बॅटरी: मॉडेल काय सांगतं?

राजवाडा५०
मध्य प्रदेशातल्या सारणी गावच्या सातपुडा औष्णिक वीज केंद्रातले ६ ते ९ क्रमांकाचे जुने कोळसा संच मिळून ८३० मेगावॉट. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा कोळसा संच नकोच. ७० टक्के पीएलएफ (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष निर्मिती) धरला तर वर्षाला साधारण ५०९ कोटी युनिट लागतात. २५ टक्के सीयूएफच्या (सौरसाठी तेच प्रमाण) हिशेबाने २,३२५ मेगावॉट सौर तेवढी वीज देईल. संध्याकाळसाठी ८३० मेगावॉटची चार तासांची बॅटरी. बाकी यंत्रणा तशीच ठेवून, संगणकाच्या मॉडेलमध्ये महिन्याला एक असे बारा सरासरी दिवस चालवले तर तुटवडा शून्य.

तारवाला_इंदूर
अहो, सरासरी दिवसात मावठा येतो कुठे? आपली सर्वाधिक मागणी रब्बीच्या पंपांची, डिसेंबर-जानेवारीतली. तेव्हा सौर न चालणारे तास चौदा धरले, तर ८३० च्या हिशेबाने ११,६२० मेगावॉट-तास. बॅटरीत फक्त ३,३२०. उरलेलं दुसरे संच भरतील असं तुमचं मॉडेल गृहीत धरतं, कारण त्यात संच कधी ट्रिपच (अचानक बंद) होत नाहीत. शिवाय दिवस सुटे चालवले की बॅटरी रोज सकाळी आपोआप पहिल्या पातळीवर येते. तीन दिवस ढग राहिले तर ती भरणार कशातून? वर्षाचे ८,७६० तास सलग चालवा, संच यादृच्छिक बंद पाडा, असं शेकडो वेळा करा. मागणी पुरी न होण्याच्या शक्यतेचा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा निकष ०.२ टक्के आहे, म्हणजे वर्षात साडेसतरा तास. त्यात बसलं तर बोलू.

राजवाडा५०
सलग तास आणि ट्रिपिंग, दोन्ही मान्य. पण तोच नियम नव्या ६६० च्या संचालाही लावा. तो एका झटक्यात ६६० घेऊन जातो. आणि मागणीला दगडावरची रेघ का मानता? पाच एचपीचे एक लाख पंप म्हणजे सुमारे ३७० मेगावॉट. शेतीचे फीडर (वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) वेगळे करून दिवसा वीज दिली तर रात्रीचा तेवढा भार उतरतो. हा पर्याय बॅटरीच्या शेजारी ठेवून तपासायलाच हवा.

नर्मदाकाठ
तपासताना मागणी आणि ऊन एकाच वर्षाचं घ्या. मावठ्यात पंपही बंद ठेवले जातात. वर्षं वेगळी जोडली तर हा संबंध तुटतो आणि तुटवडा फुगतो. उलट चूक नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलविद्युत केंद्राची. १,००० मेगावॉट वाटेल तेव्हा मिळतील असं बहुतेक जण भरतात. पाणी मोजकं, कालव्याचं वेळापत्रक वेगळं, आणि सोडलेलं पाणी खाली ओंकारेश्वरला घ्यावं लागतं. ही बंधनं घातल्याशिवाय आलेल्या शून्यावर माझा विश्वास नाही.

तारवाला_इंदूर
दिवसाच्या फीडरचं पटलं. पण दुपारी बहुतेक कोळशाचे संच सध्या ५५ टक्क्यांखाली नेता येत नाहीत, ६६० चा संच ३६३ वर अडतो. तेवढं सौर वाया जाईल, ते किमतीत धरा. तोवर जुन्यातला एक २१० राखीव ठेवा, हेच माझं म्हणणं.