सात आठवड्यांचं बाळ अंगावर घेतलं की रडतं, ताठ होतं – मदत हवी आहे

नवी_बाळंतीण

रात्रीचे अडीच वाजलेत, एका हाताने लिहितेय. चुका सांभाळून घ्या.

मुलगा सात आठवड्यांचा, पहिलंच बाळ. मी सध्या माहेरी, साताऱ्याला. पहिला महिना बरा गेला. गेले पंधरा दिवस मात्र पाजायला घेतलं की तमाशा. अर्धा मिनिट गटागट पितो, ठसका लागतो, सोडून देतो आणि किंचाळतो. पुन्हा लावावं तर कमान करून मान मागे टाकतो. सोडलं की दुधाची चिळकांडी त्याच्याच डोळ्यांत. संध्याकाळी सहा ते नऊ तर विचारूच नका. आणि हाच मुलगा रात्री अर्धवट झोपेत, मी कुशीवर आडवी असताना, वीस मिनिटं शहाण्यासारखा पितो!

घरात सगळ्यांचं एकमत आहे, "दूध पुरत नाही." आई दोन वेळा हळिवाची खीर देते, सासूबाईंनी शतावरी पाठवली, मालिशवाल्या मावशी म्हणतात दूध पातळ झालंय. दृष्टही काढून झाली, मिरच्यांचा ठसका आम्हालाच लागला. दूध वाढावं म्हणून मी प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर पंप लावते. ८०-९० मिली निघतं. हे कमी की जास्त तेही मला कळत नाही.

शी हिरवट, फेसाळ होते. पोटात गॅस खूप. वरचं दूध सुरू करू का? तो हातांनी ढकलतो तेव्हा वाटतं, याला मीच नकोय.

डिंकलाडू

आधी सांग, दिवसभरात शूचे लंगोट किती होतात? आणि वजन? बाकी सगळं नंतर.

नवी_बाळंतीण

दहा-बारा तरी होतात, आई वाळत घालून थकली. पावसाने वाळतही नाहीत. जन्माचं वजन २ किलो ९००, पंधराव्या दिवशी तेवढंच भरलं. परवा दीड महिन्याच्या लसींना नेलं तेव्हा ४ किलो ३००.

डिंकलाडू

मग दूध पुरत नाही हे डोक्यातून काढून टाक. चोवीस तासांत सहा लंगोट चांगले ओले झाले तरी पुरे असतं. या वयात आठवड्याला १५०-२०० ग्रॅम वाढलं तरी डॉक्टर खूश असतात. तुझ्या लेकाने पाच आठवड्यांत १४०० ग्रॅम कमावलेत.

खिडकीतली_मांजर

अगं, पोटभर पाजून वर ९० मिली निघतंय म्हणजे तुझं दूध कमी नाही, जास्त आहे! माझ्या मुलीच्या वेळी अगदी हेच झालं होतं. पान्हा फुटतो तेव्हा पहिली एक-दोन मिनिटं धार इतकी जोरात येते की बाळाला गिळायला आणि श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पूर्ण उघडलेल्या नळाला तोंड लावून बघ, तूही मान मागेच टाकशील. तो तुला ढकलत नाहीये गं, धारेला ढकलतोय. रात्री आडवी असतेस तेव्हा जास्तीचं दूध त्याच्या गालावरून ओघळून जातं आणि तोही निवांत असतो, म्हणून तेव्हा जमतं.

आणि छाती रिकामी होईल तितकं शरीर दूध बनवतं. पंपाने तू रोज जास्तीची ऑर्डर देतेयस. वर हळीव, वर शतावरी.

मला काय उपयोगी पडलं ते सांगते. पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन रेलून बस, बाळाला पोटावर पालथं घे, म्हणजे तो वरून पिईल आणि दुधाला चढ चढावा लागेल. पान्हा फुटल्याचं जाणवलं किंवा ठसका लागला की त्याला बाजूला कर, पहिली धार दुपट्यात जाऊ दे, मग पुन्हा लाव. मध्येच खांद्यावर घेऊन ढेकर काढ, शेवटची वाट बघू नकोस. आणि एका बाजूचं नीट पिऊन झाल्याशिवाय दुसरी देऊ नकोस. दोन्हीकडचं सुरुवातीचं दूधच पोटात भरलं की गॅस आणि हिरवी शी होते. मावशींचं 'पातळ' म्हणजे बहुतेक हेच असावं.

आजोळ

मी तर वरचं दूध सुरू केलं, आमचं बाळ गुटगुटीत झालं. उगाच जिवाला त्रास कशाला? संध्याकाळी चमचाभर गुटी मधातून द्या, शांत झोपेल.

निवृत्त_सिस्टर

मध अजिबात नको. वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी आणि पाणीही नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. ज्यांना वरचं द्यावं लागतं त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, पण या बाळाला त्याची गरज दिसत नाही.

वरचा अंदाज मलाही पटतो. तरी दोन गोष्टी बघून घ्या. जिभेवर, गालांच्या आत पुसून न निघणारे पांढरे डाग आहेत का? नाक चोंदलंय का? चोंदलेल्या नाकाने बाळाला पिता येत नाही. धुरी देत असाल तर आधी ती बंद करा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, लंगोट कमी होणं, बाळ मलूल पडणं, शीमध्ये रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतला ताप अंगावर काढायचा नाही.

पंप एकदम बंद करू नका, गाठी होतील. रोज थोडं थोडं कमी करा, छाती दाटली तर बरं वाटण्यापुरतंच काढा. आणि पकड तपासा. ओठ बाहेर वळलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं हवं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पकड दाखवणारे व्हिडिओ आहेत, मराठीतही. आईलाही शेजारी बसवून दाखवा.

संध्याकाळची किरकिर मात्र थोडी राहील. सहा आठवड्यांच्या आसपास ती सगळ्यात जास्त असते, तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. रडून लाल झाल्यावर छातीला लावू नका. आधी शांत करा, उघड्या अंगाशी घ्या. मूठ चोखायला, तोंड फिरवायला लागला की लगेच घ्यायचं.

नवी_बाळंतीण

आज सहावा दिवस. तोंडात डाग नाहीत, नाक मोकळं. तरी डॉक्टरांना दाखवून आले, त्यांनीही धार जोरात आहे असंच सांगितलं.

रेलून पाजायला पहिले दोन दिवस अजिबात जमलं नाही, तो घसरून काखेत जायचा. तिसऱ्या दिवशी आईने माझ्या कोपराखाली लोड सरकवला आणि जमलं. दुपट्यात पहिली धार सोडताना आईला फार वाईट वाटतं, "एवढं सोन्यासारखं दूध" म्हणते. पंप सकाळ-संध्याकाळवर आलाय. खीर एक वेळ, तीही आईच्या समाधानासाठी. शतावरी कपाटात, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सात वाजता अजूनही भोंगा होतोच. पण काल दुपारी रडलाच नाही. पिता पिता थांबला, माझ्याकडे बघून हसला, दूध गळ्यापर्यंत ओघळलं, आणि पुन्हा प्यायला लागला.

खिडकीतली मांजर, एक विचारायचं राहिलं. पंप पूर्ण सुटायला तुला किती दिवस लागले? उजवीकडे पहाटे अजून दगड होतो. उठला बहुतेक, जाते.