पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी: आरओ घ्यावा का?

प्रश्न: मंडळी, पालिकेचं पाणी, टीडीएस 140. घरी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) प्युरिफायर आहे, पण जुलैत स्पन कॅन्डल (आधी गाळ अडवणारी गाळणी) आठवड्यात चॉकलेटी होते. आरओ (विरघळलेले क्षारही काढणारा फिल्टर) बसवावा का?

उत्तर 1: नको. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, गाळ नाही. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे; 140 वर आरओ म्हणजे पाणी आणि पैसा दोन्ही मोरीत. तुरटी वापरा. 20 लिटरला साधारण 1 ग्रॅम, आधी वाटीभर पाण्यात विरघळवून घ्या. एक मिनिट जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी हळू. या हळू ढवळण्यातच गाळाचे पुंजके धरतात. घाई केली की ते फुटतात. दोन-तीन तास हलवू नका. वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाचं चार बोटं सोडा. मग प्युरिफायरला.

उत्तर 2: गढूळ पाण्यात यूव्हीचे किरण गाळाआड पोहोचत नाहीत, जंतू सुटतात. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या (काचेसारख्या) नळीवर थर बसला असेल तर तेच. शिवाय दिवा जळतो म्हणजे जंतू मारतो असं नाही. साधारण 8-9 हजार तासांनंतर बदलाच.

उत्तर 3: वीज गेली तर नितळलेल्या 20 लिटरला 5 टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे (हे क्लोरीनचं द्रावण; सुगंधी नको!) 16 थेंब, अर्धा तास झाकून. क्लोरीन तुरटीनंतरच, आधी टाकलात तर बराचसा गाळच खातो.

प्रश्नकर्ता: तुरटी भाजलेली चालेल?

उत्तर 1: साधी खडाच घ्या. भाजलेली नीट विरघळत नाही.