पंचगंगेचं पाणी वर्गात येऊ द्या
विज्ञानाच्या वर्गात सामाजिक प्रश्न घेतले की मूळ विज्ञान मागे पडतं, असं काही जण म्हणतात; मला हे मत अजिबात पटत नाही. आमच्या कोल्हापुरातलंच बघा. पंचगंगा नदीत सांडपाणी मिसळलं की त्यातली घाण कुजवणारे जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे तडफडत वर येतात. उन्हाळ्यात तर तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. विद्राव्यता, श्वसन, सूक्ष्मजीव, सगळे धडे एकाच घाटावर! पुराचंही तेच. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांना गेली की इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. मग पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं त्या हद्दीच्या, आत बांधकामं कशी उठतात, हेही त्यांनी विचारलंच पाहिजे. शिक्षकांनो, पोर्शनचं कारण सांगून त्यांना गप्प बसवू नका.