बाळंतिणीचं रडणं

ताई, तुमची वहिनी दीड महिन्याची बाळंतीण, सारखी रडते आणि घरचे म्हणतात "होईल आपोआप बरं", हे वाचून राहवलं नाही. पहिल्या पंधरा दिवसांतलं रडू बहुधा ओसरतं. त्यापुढेही टिकलं तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आमच्या इंदूरच्या घरी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कशालाच कमी नव्हतं. पण धाकटी जाऊ बाळ झोपलं तरी पाळण्याची दोरी धरून भिंतीकडे बघत बसायची. "तुला कसं वाटतंय गं?" हे आम्ही कुणी विचारलंच नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. डॉक्टरांनी हे नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरो प्रश्नावली भरून घेतली, १९८७ सालची, दहाच प्रश्न. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे तिचं पेन थांबलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. मग समुपदेशन सुरू झालं. सावरायला काही महिने लागले.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. अंगावर पाजते म्हणून औषध नको, असं परस्पर ठरवू नका; पाजताना चालणारी औषधं असतात. जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोलली तर मात्र एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.