राष्ट्रीय ग्रंथालय एवढं सगळं कशाला जपतं?

प्रश्न: राष्ट्रीय ग्रंथालयातून पुस्तकं सहसा घरी नेता येत नाहीत, मग उपयोग काय? आणि जुन्या जाहिराती, टाइमटेबलं असलं पण का साठवतात?

उत्तर: अहो मुख्य काम जपण्याचंच आहे. देशात छापलेल्याची प्रत तिथे द्यायची असा कायदा बऱ्याच देशांत असतो, फ्रान्समध्ये तर १५३७ पासून, त्यामुळे आज कुणी ढुंकून न बघितलेलं पुस्तकही शंभर वर्षांनी सापडतं.

उत्तर: जाहिराती म्हणजे तर खजिना! भाव काय होते, लोक काय वापरायचे, सगळं कळतं. जुनी वर्तमानपत्रं मात्र कागदातल्या आम्लामुळे पिवळी पडून हात लावला की तुकडे पडतात, म्हणून त्यांची मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म) नाहीतर स्कॅन करून ठेवतात.

उत्तर: वेबसाइट्सपण साठवतात आता बरं का, मूळ साइट कधी बंद पडेल नेम नाही.