मदत हवी: एनजीसी ७००९ मध्ये ऑक्सिजन इतका कमी का येतोय?

कातळ
एनजीसी ७००९ या अभ्रिकेचा (ताऱ्याने सोडलेल्या वायूच्या चमकत्या ढगाचा) वर्णपट मोजलाय. पायनेबमध्ये (अभ्रिकांच्या रेषांचं गणित करणारा कोड) ओ-थ्रीचं, म्हणजे दोनदा आयनीभूत ऑक्सिजनच्या रेषांवरून काढलेलं, तापमान १४,६०० केल्विन येतंय आणि १२ + लॉग (ओ/एच), म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजन, फक्त ८.०. छापील आकडे १०,००० केल्विन आणि ८.६-८.७ च्या आसपास आहेत. धुळीची दुरुस्ती केली आहे, कोड तीनदा तपासला. उद्या संध्याकाळी आकडे द्यायचेत. नायट्रोजन-ऑक्सिजन गुणोत्तरही हवंय. कृपया लवकर सांगा.

रात्रपाळी
रेषांचे आकडे कुठे आहेत? हायड्रोजनची एच-बीटा रेषा १०० धरून ४३६३, ४९५९, ५००७ अँगस्ट्रॉमच्या ओ-थ्री रेषा द्या. एक्सपोजर किती? ग्रिझमचा (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या भागाचा) पट्टा कुठून कुठे? आकाश कुठून वजा केलं?

निळसर
धुळीची दुरुस्तीच चुकली असणार. एच-अल्फा/एच-बीटा २.८६ वर येतं का बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

रात्रपाळी
निळसर, दिशा उलटी होतेय. धूळ निळा प्रकाश जास्त खाते आणि ४३६३ ही ५००७ पेक्षा निळी. दुरुस्ती कमी पडली तर ४३६३ कमी भरेल आणि तापमान खाली जाईल. इथे ते वर गेलंय.

निळसर
मग दुरुस्ती जास्त झाली असेल. आकडे आल्याशिवाय धूळ बाजूला काढू नका.

कातळ
एच-अल्फा/एच-बीटा ३.१ होतं, म्हणून सी (धुळीच्या दुरुस्तीचा गुणांक) ०.११ धरला. दुरुस्तीनंतर ४३६३ = १५.७, ४९५९ = ३८०, ५००७ = ७९८. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटीमीटरला १,००० धरली. १५ मिनिटांची तीन एक्सपोजर. पट्टा ३८०० ते ६८४० अँगस्ट्रॉम, रिझोल्यूशन १३००. दुर्बीण शहराजवळ आहे.

रात्रपाळी
सी ०.११ म्हणजे धुळीचा प्रश्न मिटला. आता ५००७ भागिले ४९५९ करा: २.१. हे २.९८ च यायला हवं. दोन्ही रेषा एकाच वरच्या पातळीवरून निघतात, त्यामुळे हे गुणोत्तर अणूनेच ठरवलेलं आहे, अभ्रिका कुठलीही असो. तुमची ५००७ सॅच्युरेट झाली आहे, म्हणजे कॅमेऱ्याची मर्यादा ओलांडली आहे. कच्च्या फ्रेममध्ये ती रेषा मोठी करून बघा, माथा सपाट कापलेला दिसेल. ५००७ टाकून द्या आणि दोन्ही रेषांच्या बेरजेसाठी ४९५९ गुणिले ३.९८ घ्या. पुढच्या वेळी १०-२० सेकंदांचं छोटं एक्सपोजर सोबत घ्या आणि दोन्ही एच-गॅमावर (हायड्रोजनची ४३४०.५ ची रेषा) जुळवा.

पण एवढ्याने भागणार नाही. तापमान ज्यावरून निघतं ते (४९५९ + ५००७) भागिले ४३६३ हे गुणोत्तर ७५ वरून ९६ होईल, तापमान जेमतेम १३,२०० पर्यंत उतरेल. ४३६३ सुद्धा दुप्पट वाटतेय.

नभांगण
ओ-थ्रीसाठी अरुंद फिल्टर घ्या, ३ नॅनोमीटरचा. शहरातूनही रंग सुंदर येतात. आणि "ग्रहीय अभ्रिका" काय म्हणता, बिंबाभ्रिका हा चांगला मराठी शब्द आहे. हर्शेलने १७८२ मध्ये हीच अभ्रिका शोधली, तिचा ग्रहाशी संबंध नाही.

रात्रपाळी
बिंबाभ्रिका शब्द मलाही आवडतो. पण इथे "ग्रहीय" कुणी म्हटलेलं नाही आणि प्रश्न फोटोचाही नाही.

कातळ, शहराजवळ म्हणजे दिव्यांमधला पारा बघा. पाऱ्याची रेषा ४३५८.३ वर, तुमची ४३६३.२ वर. तुमच्या रिझोल्यूशनला एका रेषेची रुंदीच सुमारे ४ अँगस्ट्रॉम, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिसळतात. आकाश वजा केल्यावर ५४६१ वर काही उरलंय का? तीही पाऱ्याचीच. ती उरली असेल तर ४३५८ सुद्धा उरली आहे.

कातळ
५४६१ वर स्पष्ट रेषा आहे! आकाश अभ्रिकेच्या अगदी कडेला लागून घेतलं होतं.

रात्रपाळी
तिथे अंधुक प्रभामंडळ आहे, शिवाय स्लिटभर (प्रकाश आत घेणाऱ्या फटीभर) प्रकाश सारखा पडत नाही. आकाश स्लिटच्या दोन्ही टोकांकडून घ्या आणि मधल्या भागात उतार धरून बसवा. मग ४३४०.५, ४३५८.३ आणि ४३६३.२ असे तीन गॉसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) एकत्र बसवा. अंतरं पक्की, तिघांची रुंदी एकच, फक्त उंची मोकळी. रुंदी मोकळी सोडलीत तर ४३६३ पाऱ्याला गिळते. घनतेची काळजी नको. १,००० ऐवजी ५,००० घेतली तरी तापमान शंभर अंशही हलत नाही.

आयन_मोजणी
खरी मोजणी पुनर्संयोगाच्या (आयन इलेक्ट्रॉन परत पकडतो तेव्हा निघणाऱ्या) रेषांवरून करा. ओ-टूची ४६४९ घ्या. याच अभ्रिकेत त्या रेषांवरून ऑक्सिजन सुमारे पाचपट येतो.

रात्रपाळी
पाचपट फरक खरा आहे, त्याचं कारण महत्त्वाचंही आहे. पण १३०० च्या रिझोल्यूशनला ४६४९ शेजारच्या कार्बनच्या रेषांत मिसळते. उद्यापर्यंत तो मार्ग नको.

कातळ
४३६३ आता ८.०! गुणोत्तर १८९, तापमान सुमारे १०,३००, ऑक्सिजन ८.५७. खूप आभार. आता नायट्रोजन?

रात्रपाळी
८.५७ हा फक्त दोनदा आयनीभूत ऑक्सिजन आहे, तसंच लिहा. एकदा आयनीभूत ऑक्सिजनसाठी ३७२७ किंवा ७३२०-७३३० लागते आणि दोन्ही तुमच्या पट्ट्याबाहेर. एकूण ऑक्सिजनमध्ये त्याचा वाटा इथे थोडा, पण नायट्रोजन-ऑक्सिजन गुणोत्तर एन-प्लस भागिले ओ-प्लस (दोन्ही एकदा आयनीभूत) यावरच उभं असतं.

निळसर
ओ-प्लस एकूण ऑक्सिजनच्या पाच टक्के धरून टाका, चालतं.

रात्रपाळी
चालत नाही. पाचाऐवजी अडीच निघाले तर नायट्रोजन थेट दुप्पट. लाल ग्रिझम लावून ७३२०-७३३० घ्या, एच-अल्फावर जोडा. तिथे आकाशाच्या ओएच रेषा दाट आहेत, आकाश आत्तासारखंच टोकांकडून वजा करा. त्यातला पुनर्संयोगाचा भाग, एच-बीटा १०० धरून सुमारे ०.३५, काढायचा. उद्या फक्त ऑक्सिजन द्या.