मायक्रोअरेवर (काचेवर छापलेले जनुकांचे डीएनए-ठिपके) एका कडेला सिग्नल झळझळीत, दुसरीकडे फिका. ध्वनिलहरींनी ढवळता येईल का?

ऊसशिवार, कोल्हापूर:
नमस्कार. चाबूक काणी (बुरशीचा रोग) लागलेला आणि निरोगी ऊस, दोन्हींच्या शेंड्यातला आरएनए घेऊन, त्याची रंगवलेली डीएनए प्रत बनवून मायक्रोअरे करतेय. कव्हरस्लिपखाली (स्लाइडवरची पातळ काच) ४० मायक्रोलिटर नमुना, ४२ अंश, १६ तास. ज्या कडेनं नमुना सोडते तिथले ठिपके लखलखीत, पलीकडचे फिके. एकच प्रोब (नमुन्यातला जुळणारा धागा पकडणारा ठिपका) दोन्ही टोकांना छापलाय, तरी आकडा निम्म्यावर येतो. शेकरवर ठेवून बघितलं, फरक नाही. माझ्याकडे आता सहाच स्लाइडी उरल्यात. ध्वनिलहरींनी द्रव ढवळतात म्हणे. ते आपल्या लॅबमध्ये जमेल का?

पिझोवाला, सांगली:
ताई, शेकर काय करणार? काचांमधली फट केसापेक्षा बारीक. तेवढ्यात द्रव काचेला धरूनच बसतो. मग डीएनएला आपणहून पसरावं लागतं, आणि पाचशे बेसचा धागा रात्रभरात मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकतो. स्लाइड ७५ मिलिमीटरची!
लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या चिपवर पृष्ठलहरी (पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनिलहरी) उठवणारी यंत्रं असतात, पण ती महाग. बुडबुड्यांची पद्धत बघा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कप्प्याच्या छतातल्या खळग्यांत हवा अडकवून, वर पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) लावून ५ किलोहर्ट्झला चालवली होती. बुडबुडा थरथरला की भोवतीचा द्रव भोवरे घेतो. सिग्नल पाचपटीपर्यंत वाढला. मात्र कव्हरस्लिप सोडा, गास्केटचा (भोवती रबरी कड असलेला) कप्पा करून घ्या.

जुनी_लॅबवाली:
अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेव असं कुणी सांगेल, अजिबात ऐकू नकोस. तिथं बुडबुडे जोरात फुटून धागे तुटतात.
आणि चकती तापते. ४२ चे ४५ झाले की अर्धवट जुळलेले धागे सुटतात, पार्श्वभूमी स्वच्छ दिसते, आणि तुला वाटेल ढवळण्याचा गुण आला. स्लाइडच्या पाठीला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटव. एकच रंगवलेला नमुना दोन भागांत वाट, एका कप्प्यात चकती बंद ठेव.

ऊसशिवार, कोल्हापूर:
उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ॲक्रिलिकच्या झाकणात अर्ध्या मिलिमीटरचे खळगे पाडून दिले. वर बझरची पितळी चकती चिकटवली. आधी नुसत्या पाण्यात निळ्या शाईचा थेंब सोडला. चकती बंद होती तोवर थेंब जागच्या जागी, कडा तेवढी पुसट. चालू केली आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती शाईचे पदर गुंडाळायला लागले, मिनिटभरात सगळा कप्पा एकसारखा निळा! फार आनंद झाला. थर्मोकपल मात्र ४४ दाखवतंय. शिवाय एसडीएसवाल्या (साबणासारखं रसायन) द्रावणात दोन खळग्यांतली हवाच निघून गेली.

पिझोवाला, सांगली:
व्होल्टेज कमी करा, थांबूनथांबून चालवा. एसडीएसनं पृष्ठताण उतरतो, म्हणून पाणी आत शिरतं. मिस्त्रींना खळगे अजून खोल करायला सांगा, रुंदी तेवढीच ठेवा.